मिओद्राग मास्तरांच्या चोवीस नद्या

सप्टेंबर संपत आला की सर्बियातल्या लेस्कोवात्समध्ये घरोघरी लाल मिरच्या भाजायला घेतात, आणि त्या दिवसांत शहाण्या माणसाने दुसरा कुठलाही उद्योग अंगावर ओढून घेऊ नये. मिओद्राग मास्तरांनी घेतला. तोही पत्त्यांचा.

राजा-राणी-गुलामाचे पत्ते असते तर गोष्ट वेगळी होती. ते मास्तरांना येत होते, आणि त्यात ते नियमाने हरतही होते. पण हा खेळ होता ‘सात खोरी’. यात ज्याने त्याने आपापला साठ पानांचा गठ्ठा स्वतः जुळवून आणायचा. कुणी अजगर आणायचा, कुणी साळिंदरं, कुणी वादळं. मास्तरांची मुलगी कालिना कॉलेजपासून हा खेळ खेळत होती आणि गावात तिचा दबदबा होता. मास्तरांना इतकी वर्षं त्यातलं एवढंच ठाऊक होतं की ही पानं धुण्याच्या यंत्रात गेली तर घरात रडारड होते.

झालं असं, की कालिनाला ऑस्ट्रियात, लिंझमध्ये नोकरी लागली. सोमवारी सकाळच्या बसने ती जाणार होती. त्याआधी शनिवारी सांस्कृतिक केंद्रात जोड्यांचे सामने होते आणि तिचा जोडीदार उरोश याने बुधवारी मिरच्या भाजायच्या चुलीचं झाकण उघड्या हाताने उचललं. हात पांढऱ्या बँडेजमध्ये गेला. कालिना स्वयंपाकघरात फोनवर सांगत होती, “जाऊ दे रे. मी नाव काढून घेते. शेवटचं खेळायला मिळालं असतं, एवढंच.”

नेवेन्का, म्हणजे मास्तरांची बायको, टेबलाशी बसून मिरच्यांची सालं काढत होती. मास्तर दाराशी उभे होते आणि त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं, “मी खेळतो.”

नेवेन्काच्या हातातली मिरची पातेल्याऐवजी मांडीवर पडली.

“तू?” कालिना म्हणाली.

“का? मला हात नाहीत?”

आता खरं सांगायचं तर मास्तरांना पत्त्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पोरगी शिकायला नीशला गेली तेव्हापासून बापलेकींचं बोलणं ‘पोचलीस का’ आणि ‘चार्जर घेतलास का’ यापुढे सरकलं नव्हतं, आणि आता ती त्याहून लांब चालली होती. जाण्याआधी सामान उचलण्याशिवाय तिच्यासोबत एक तरी गोष्ट करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण हे तोंडाने म्हणायचं म्हणजे फारच झालं. त्यापेक्षा अजगर परवडले.

कालिनाने रात्रीचं जेवण होताच शिकवणी सुरू केली. “हे बघ बाबा. ही निळी पानं म्हणजे नद्या. नदी हे साधन. दर पाळीला एक नदी टेबलावर मांडायची. मांडलेली नदी आडवी केली की एक माप पाणी मिळतं. पाणी असलं तरच बाकीची पानं खेळता येतात. साळिंदराला दोन मापं, अजगराला सात.”

“साधनसंपत्ती!” मास्तर खुर्चीत ताठ झाले. “अगं, हा धडा मी आख्खं आयुष्य शिकवतोय! तू मला साधनसंपत्ती शिकवणार?”

मास्तर माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी चष्मा चढवून नदीचं पान निरखलं आणि पहिली हरकत नोंदवली. चित्रातली नदी डोंगराकडे वाहत होती.

“बाबा, ते सोड. साठ पानांत चोवीस नद्या ठेवल्यात. त्यांना हात लावू नकोस.”

मास्तर ‘बरं’ म्हणाले. माणूस शिक्षक असला की त्याला दुसऱ्याला ‘हात लावू नकोस’ म्हणायची सवय असते, ऐकायची नसते.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्या इमारतीच्या चुली पेटल्या होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते. मास्तर मिरच्या उलटताना सहज बोलून गेले, की या खेळात साठ पानांत साधनांची पानं फक्त चोवीस असतात.

“चोवीस?” तळमजल्यावरचे दोब्रिवोये चिमटा खाली ठेवून म्हणाले. हे निवृत्त स्टेशनमास्तर, आणि इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. “मास्तर, चोवीसवर हिवाळा निघतो का कुणाचा?”

“तेच म्हणते मी!” तिसऱ्या मजल्यावरच्या रूझाबाईंनी आपल्या चुलीवरून आवाज दिला. त्यांनी आधी काहीच म्हटलं नव्हतं, पण हे त्यांचं बोलणं सुरू करायचं ठरलेलं वाक्य होतं. “आमच्याकडे चार माणसांना शंभर बरण्या लागतात. मार्चमध्ये कोठीत हात घातला आणि फडताळ लागलं, तर त्या घरच्या बाईने तोंड कुठे लपवायचं?”

“पण मुलगी म्हणते...”

“मुलीचं काय ऐकता? ती दुकानातून बरणी विकत आणणाऱ्या पिढीतली.”

यावर सगळ्या अंगणाने दुःखाने मान हलवली. लेस्कोवात्समध्ये आयवार, म्हणजे भाजल्या मिरच्यांची चटणी, दुकानातून आणणं म्हणजे काय, हे सांगायला नको. जगात इतरत्र नवशिका खेळाडू काय चूक करतो, तर नद्या काढून अजगर कोंबतो. कारण अजगर चमकतो, नदी चमकत नाही. नद्या वाढवून ठेवण्याची चूक करायला मात्र आमच्याच गावात जन्म घ्यावा लागतो. मास्तरांनी त्या संध्याकाळी कालिनाच्या खोक्यातून आणखी दहा नद्या काढून गठ्ठ्यात भरल्या. वर दोब्रिवोयेंच्या सांगण्यावरून कुठल्या पानांना रजा द्यायची तेही ठरलं. साळिंदरं दिसायला किरकोळ होती, ती गेली.

मग अंगणातच, मिरच्यांच्या पोत्यांच्या मधोमध टेबल मांडून सरावाचा डाव झाला. बघायला सगळी इमारत. मास्तरांनी नदी मांडली. पुन्हा नदी मांडली. पुन्हा नदी. हातात सगळ्या नद्याच नद्या, टेबलावर आख्खं खोरं पसरलं, आणि त्या पाण्यावर जगायला एक चिटपाखरू नाही. कालिनाची दोन साळिंदरं येऊन शांतपणे मास्तरांना कुरतडत राहिली आणि डाव संपला.

“पाणी मात्र भरपूर होतं हो,” रूझाबाई म्हणाल्या.

मास्तरांचा अपमान झाला. आणि अपमान झालेला माणूस विचार करत नाही, तो उलट्या टोकाला जातो. त्यांनी घरात जाऊन दार लावलं, नद्या उपसून चौदा केल्या आणि सात अजगर घातले. दुसऱ्या डावात त्यांच्या हातात एकाहून एक देखणे अजगर जमले, आणि टेबलावर एकच नदी. अजगर हातातच बसून राहिले. साळिंदरं पुन्हा आली.

“मास्तर,” दोब्रिवोये कळवळून म्हणाले, “पाहुण्यांना जेवायला बोलावलंत आणि चूल पेटवायला विसरलात.”

कालिनाने तेव्हा गठ्ठा मोजला आणि कपाळाला हात लावला. “बाबा! मी काय सांगितलं होतं?”

“समितीचा सल्ला होता,” मास्तर म्हणाले, आणि अध्यक्षांनी ताबडतोब चुलीकडे तोंड फिरवलं.

तिने पुन्हा चोवीस नद्या केल्या आणि या वेळी कारणही सांगितलं. सुरुवातीला हातात सात पानं येतात. साठात चोवीस नद्या असल्या, की त्या सातांत साधारण तीन येणार. म्हणजे उपाशीही राहायचं नाही आणि बुडायचंही नाही. मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. त्यांना आपल्या धड्याची आठवण झाली. पोरं सोन्याच्या खाणीचा परिच्छेद पाठ करत आणि नद्यांचा सोडून देत. इथे कुणीतरी बसून असा खेळ रचला होता, की ज्यात सगळा जीव त्या सोडून दिलेल्या परिच्छेदात होता.

“कोण आहे गं हा माणूस, ज्याने हे काढलं?” त्यांनी विचारलं. “भूगोलाचा असणार.”

“भूगोलाचा असता तर नदी डोंगरावर चढवली नसती,” कालिना म्हणाली. मास्तर हसले. मुलीने आपला मुद्दा लक्षात ठेवला, याचं त्यांना फार बरं वाटलं.

पण सरकारदरबारी अजून एक घाट बाकी होता. सांस्कृतिक केंद्राच्या दफ्तरात पत्त्यांच्या मंडळाला बसवायला दुसरा रकाना नव्हता, म्हणून कोणे एके काळी त्याची नोंद खेळ या सदरात झाली होती. आणि खेळाडू म्हटला की तंदुरुस्तीचा दाखला आलाच. मास्तर शुक्रवारी दवाखान्यात तासभर फुटबॉलवाल्यांच्या रांगेत उभे राहिले.

“खेळ कुठला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पत्ते.”

“धावत?”

“बसून.”

“तरी बैठका काढाव्या लागतील. कागदावर तसं आहे.”

मास्तरांनी बैठका काढल्या. चौथ्या बैठकीला गुडघा असा वाजला की बाहेरचा गोलरक्षक डोकावून गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, शिक्का उचलला आणि हळूच विचारलं, “नद्या किती ठेवल्यात?”

“चोवीस.”

“कमी नाहीत? हिवाळ्याचं काय?” मास्तरांनी शिक्का पडेपर्यंत वाद घातला नाही.

शनिवारी केंद्रात गर्दी होती. दोब्रिवोये टाय लावून आले होते. रूझाबाईंनी पिठाच्या हातानेच निघून मोठं ताट भरून चीजची खारी आणली होती, अन् ती त्या विरुद्ध पक्षालाही वाढत होत्या. विरुद्ध पक्ष म्हणजे व्रान्ये गावचं एक जोडपं. दोघंही दातांचे डॉक्टर, दोघंही अतिशय नम्र, आणि दोघांचेही अजगर नम्र नव्हते.

जोडीच्या खेळात दोन नियम जास्तीचे. एक, आपल्या नद्यांचं पाणी आपण जोडीदाराला देऊ शकतो. दोन, डाव चालू असताना जोडीदारांनी एकमेकांशी बोलायचं नाही. बापलेकींना दुसऱ्या नियमाचा सराव चांगला होता.

सामना तीन डावांचा. पहिल्या डावात मास्तरांच्या हातात नद्या उत्तम आल्या. त्यांनी तीन मांडल्या, आणि मग त्यांच्या अंगातलं लेस्कोवात्स जागं झालं. चौथी नदी त्यांनी हातातच ठेवली. असू दे, पुढे लागेल. पाचवीही ठेवली. मांडलेल्या तिन्हींतली एक आडवी केली, दोन राखल्या. समोरचा अजगर आला तेव्हा मास्तरांकडे हातात जपलेलं पाणी भरपूर होतं, आणि उपयोग शून्य. कालिना पाण्यावाचून तडफडली आणि पडली. डाव गेला.

“छान राखून ठेवलंत,” दातांच्या डॉक्टरीणबाई प्रेमाने म्हणाल्या.

कालिनाने बापाचा दंड धरून त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

“हातात नद्या होत्या ना तुझ्या?”

“होत्या. पुढे लागल्या तर...”

“बाबा, ती आयवारची बरणी नाहीये! नीट ऐक. आडवी केलेली नदी संपत नाही. पुढच्या पाळीला ती पुन्हा उभी राहते. रोज वापर, रोज उभी राहील. पण या पाळीचं पाणी या पाळीत नाही वापरलं, तर ते गेलं. ते साठत नाही. उद्या दुप्पट मिळत नाही.”

“वापरलं की संपत नाही?”

“नाही!”

“आणि राखलं की वाया जातं?”

“हो!”

मास्तरांचा यावर विश्वास बसायला वेळ लागला. त्यांच्या सगळ्या कुळाचं शास्त्र याच्या नेमकं उलट होतं.

“तू सगळंच असं करतोस,” कालिना म्हणाली, आणि आता तिचा आवाज रागाचा राहिला नव्हता. “मी नीशला होते तेव्हा दर रविवारी फोन केला की म्हणायचास, बाकी तू आलीस की बोलू. मी यायचे. तू मिरच्या उलटत बसायचास. मला वाटायचं, बाबांना काहीतरी बोलायचंय, आज बोलतील, उद्या बोलतील. आता पुढचं कधी, बाबा? परवा मी चालले.”

मास्तरांनी तोंड उघडलं. बोलावं तर नेमकं आत घंटा झाली. कधी नव्हे तो त्यांना नियमांचा राग आला.

दुसऱ्या डावात त्यांनी आली नदी की मांडली. मांडली की वापरली. पाळी आली की सगळ्या पुन्हा उभ्या! मास्तर दर वेळी नद्या सरळ करताना पहिल्यांदाच बघितल्यासारखे खूश होत होते. “उभ्या राहतात हो खरंच,” ते दातांच्या डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “मलाही सुरुवातीला फार आवडायचं ते.” तो डाव बापलेकींनी घेतला.

तिसरा डाव मात्र कठीण गेला. कालिनाच्या तीनच नद्या लागल्या, पुढे एकही नाही. समोर तीन अजगर बसलेले. इकडे कालिनाची, झाडावर चढून बसलेली दोन साळिंदरं. आणि मास्तरांच्या पुढ्यात सात नद्या उभ्या होत्या, हातात सोनेरी अजगर होता. सात मापांचा. बुधवारपासून हा अजगर टेबलावर उतरवण्याचं स्वप्न ते बघत होते. पाठीमागून दोब्रिवोयेंनी पान पाहिलं आणि त्यांचा श्वास मास्तरांच्या मानेवर आला. रूझाबाईंनी खारीचा तुकडा तोंडाशीच थांबवला. सगळी इमारत मनातल्या मनात ओरडत होती, टाका मास्तर, टाका!

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या हातात एकच पान होतं. ते कुठलं हे त्यांना दिसत नव्हतं, विचारायची सोय नव्हती. ती अजगराकडे बघत नव्हती. ती त्यांच्या नद्यांकडे बघत होती, आणि लगेच नजर काढून घेत होती, मागितल्यासारखं होऊ नये म्हणून. लहानपणी दुकानाच्या काचेसमोर ती अशीच उभी राहायची.

मास्तरांनी सोनेरी अजगर टेबलावर पालथा ठेवला. मग एकेक करून साती नद्या तिच्या बाजूला आडव्या केल्या. काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

कालिनाने आपल्या तीन आडव्या केल्या आणि हातातलं पान मांडलं. महापूर. दहा मापांचा. समोरचे तिन्ही अजगर वाहून गेले. झाडावर असल्यामुळे वाचलेली साळिंदरं खाली उतरली आणि पुढचं काम त्यांनी केलं.

असा गदारोळ त्या केंद्रात कधी झाला नसेल. दोब्रिवोयेंचा टाय खारीच्या ताटात बुडाला. दातांचे डॉक्टर उठून हात मिळवत म्हणाले, “मास्तर, मी असतो तर अजगर टाकला असता.”

“मी पण,” मास्तर म्हणाले. “परवापर्यंत.”

पुढच्या फेरीत कॉलेजच्या दोन पोरांनी त्यांना कॉफी निवायच्या आत हरवलं, त्याबद्दल इमारतीत कुणी बोलत नाही.

रविवारी जेवायला बसल्यावर मास्तरांनी स्टूल घेतलं आणि कोठीतल्या वरच्या फळीवरून एक बरणी काढली. कालिनाला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या वर्षीचा आयवार. त्या वर्षीची मिरची पुन्हा झाली नाही, असं मास्तर सांगत. खास प्रसंगाला काढू म्हणून ही बरणी पदवीला निघाली नाही, नोकरीलाही निघाली नाही. त्यांनी झाकण फिरवलं. आत पांढरी, मऊ, दाट बुरशी होती.

नेवेन्काने तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. मास्तर बरणीत बघत उभे राहिले. आधी कालिनालाच हसू फुटलं. मग नेवेन्काला. मग मास्तरही हसता हसता खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसत राहिले. ते नुसतं हसणं नव्हतं हे तिघांनाही कळलं. जेवणाला या आठवड्यातला, अजून धुराचा वास असलेला आयवार घेतला, आणि बरणी तळापर्यंत पुसून खाल्ली.

सोमवारी बसच्या दारात कालिना म्हणाली, “चल बाबा, बाकी फोनवर बोलू.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “आत्ताच बोलतो. तू गेलीस की मला घर खायला उठेल. तू पहिल्यांदा नीशला गेलीस तेव्हाही उठलं होतं. मी तेव्हा म्हटलं नाही. तुझी खोली आवरायच्या निमित्ताने मी तिथे जाऊन बसायचो. आणि तू त्या टेबलाशी बसून खेळताना मला इतका अभिमान वाटला की मला अजगराचं नावही आठवेना. झालं. एवढंच होतं.”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचा हात मागे घेतला. कालिनाने बापाच्या गळ्यात हात टाकले, आणि खिशातून एक निळं पान काढून त्याच्या हातात दिलं. डोंगराकडे वाहणारी नदी.

घरी आल्यावर मास्तरांनी ते पान चुंबकाने फ्रिजवर लावलं. आडवं. आणि बूटही न काढता कोचावर पडले.

“मिओद्राग, बरं नाही का?” नेवेन्काने विचारलं.

“बरंय. सगळं वापरलं आज.”

नेवेन्काने त्यांचे बूट काढले.

मंगळवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा कॉफी उकळत होती आणि फ्रिजवरची नदी उभी केलेली होती. खिडकीशी मास्तर फोन कानाला लावून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, “पोचलीस ते कळलं गं! ते राहू दे. मला सांग, एकटं वाटतंय का?”